जर्मनीला जाणाऱ्यांना आधी पत्त्याची नोंदणी शिकवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून जर्मनच्या वर्गांची, व्हिसाची आणि पगाराची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. तिथे उतरल्यानंतरच्या पहिल्या महिन्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, आणि मुलं-मुली अडकतात ती नेमकी तिथेच.

सगळ्या कामांचे मूळ 'आनमेल्डुंग'मध्ये आहे. म्हणजे राहत्या पत्त्याची पालिकेच्या नागरिक कार्यालयात नोंद. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. पासपोर्ट-व्हिसाबरोबर घरमालकाच्या सहीचा, राहायला आल्याची तारीख लिहिलेला दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. फसगत होते ती या दाखल्यावर. महिना-दोन महिने खोली देणारे काही जण दाखला देत नाहीत आणि ते आधी सांगतही नाहीत. म्हणून खोली पक्की करतानाच 'नोंदणी करता येईल ना?' हे लेखी विचारून घ्यावे. घर न बघता, किल्ली हातात न येता अनामत तर मुळीच पाठवू नये. कायद्याने अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देता येते. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ चटकन मिळत नाही. पालिकेच्या संकेतस्थळावरून ती भारतातूनच घेऊन ठेवावी. अर्जात धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिले, तर आयकराच्या आठ ते नऊ टक्के चर्चकर पगारातून कापला जातो, हे वसईच्या मुलांना आधीच माहीत असावे.

नोंद झाली की ११ अंकी करक्रमांक टपालाने येतो. तो वेळेत नोकरी देणाऱ्या कंपनीकडे गेला नाही, तर सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वांत जास्त दराने, कर कापला जाऊ शकतो. जास्तीचा कर पुढे परत मिळतो, पण हातात पैसे नसण्याचे दिवस हेच असतात. आणि हे पत्र पोचायचे, तर टपालपेटीवर आपले आडनाव हवे, पासपोर्टवर आहे तसेच. नाव नसेल, तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचे कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या पाकिटांतून येतात. तेही असेच परत जातात. किल्ली मिळाली त्याच दिवशी पेटीवर आणि घंटीवर चिठ्ठी चिकटवावी.

ओळखींचेही तसेच. इमारतीत आपण होऊन शेजाऱ्यांची घंटी वाजवून नाव सांगावे. ते येतील म्हणून वाट पाहू नये. आडनावाने आणि आदरार्थी बोलावे, 'अरे-तुरे'वर येण्याची सूचना मोठ्यांकडून येऊ द्यावी. स्टुटगार्टच्या बाजूला 'केरवोखे' असतो: दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आपली. ही पाळी चुकवणाऱ्याशी शेजारी फटकून वागतात, मग जर्मन कितीही चांगले येवो. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते आणि रविवारी भिंतीत ड्रिल चालवायचे नसते. आपले पार्सल पुष्कळदा शेजाऱ्याकडे ठेवले जाते. ते आणायला संध्याकाळी स्वतः जावे. दोन वाक्ये बोलायची ती चांगली संधी असते.

मराठी मंडळे आधार देतात, गणपतीत तर फारच. पण फक्त तिथेच रमले, की भाषा वर्गातल्या पातळीवरच अडकते. तिथे मैत्री होते ती संस्थांमधून: खेळाचा क्लब, गावातले गायनमंडळ, स्वयंसेवी अग्निशमन दल. ठरल्या वारी, ठरल्या वेळी सलग काही महिने गेले, तरच लोक आपले मानतात. दोनदा जाऊन सोडणाऱ्याला मैत्री मिळत नाही आणि मग 'जर्मन लोक थंड' असा ग्रह होतो. तो चुकीचा आहे.

सरकारी आणि खासगी प्रशिक्षण वर्गांना विनंती, की शेवटच्या आठवड्यात पत्ता-नोंदणीचा खरा अर्ज मुलांकडून भरून घ्यावा. तो जर्मन शहरांच्या संकेतस्थळांवर मिळतो. घरमालकाच्या दाखल्याचा नमुना आणि खोली देणाऱ्याला विचारायचे प्रश्न जर्मनमध्ये लिहून प्रत्येकाच्या फाइलमध्ये द्यावेत.

आपला,
एक वाचक, स्टुटगार्ट