मंत्रिमहोदय, ती वही तेवढी परत द्या

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री
आणि मा. दळणवळण मंत्री, भारत सरकार

स. न. वि. वि.

पत्र दोघांच्या नावे आहे, कारण अगदी कमी ताकदीच्या एफएम प्रसारणाच्या परवानगीसाठी गेली चार वर्षं मला एका दारातून दुसऱ्या दारात पाठवलं जातंय. प्रसारणाचा प्रश्न असला की एकीकडचे म्हणतात, लहरी आमच्याकडे नाहीत. लहरींचा प्रश्न असला की दुसरीकडचे म्हणतात, प्रसारण आमच्याकडे नाही. आता दोघांनी मिळून वाचा.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला निवृत्त निदेशक. बत्तीस वर्षं पोरांना सोल्डरिंग शिकवलं. माझ्याकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संवादाचा परवाना आहे, रीतसर परीक्षा देऊन, मोर्सची टकटक कानात बसेपर्यंत रात्री जागून मिळवलेला. गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या शाळेच्या शिक्षकांना उगाच त्रास नको.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकराला घरासमोर जीप थांबली. चार माणसं उतरली. त्यांनी माळ्यावरून माझा ट्रान्समीटर काढला. ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात बसवलेला होता, लहरी इकडेतिकडे सांडू नयेत म्हणून. छपरावरचा डायपोल, म्हणजे दोन नळ्यांचा अँटेना, काढताना वाकवला. पॉवर सप्लाय, अँटेना नीट जुळलाय का ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर, अँटेनाऐवजी लावून यंत्र तपासायचा डमी लोड, शाळेतल्या पोरांचे दोन साधे रेडिओ, सगळं पोत्यात भरलं. पंचनाम्यात लिहिलं, ‘संशयास्पद यंत्रसामग्री’. आणि खाली, ‘वही, नग १’.

मला संध्याकाळी सातपर्यंत चौकीत बसवून ठेवलं. मला मधुमेह आहे, दुपारची गोळी घरी राहिली होती. बायको डबा घेऊन आली, तिलाही बाकावर बसवलं. ‘कोणाशी बोलत होतात?’ हा एकच प्रश्न किती वेळा विचारला असेल! मी म्हटलं, साहेब, हा बोलायचा संच नाही, यातून फक्त जातं, काही येत नाही. ते त्यांनी लिहून घेतलं आणि पुन्हा विचारलं, ‘मग उत्तर कोण देत होतं?’

मंत्रिमहोदय, त्या डब्यात काय होतं ते सांगतो. वीस मिलिवॉट. म्हणजे एका वॉटचा पन्नासावा भाग. बाजारात पाच रुपयांच्या आत मिळणारे दोन ट्रान्झिस्टर, २२ गेजच्या तांब्याच्या तारेची हाताने गुंडाळलेली कॉइल, लहर जुळवायला एक ट्रिमर आणि पुढे नको त्या लहरी अडवणारा फिल्टर. ९५ मेगाहर्ट्झवर लावला होता, कारण आमच्याकडे डायलवर तिथे काही लागत नाही. हे ठरवण्याआधी मी तीन आठवडे सकाळ-दुपार-रात्र कान लावून ऐकलं होतं. डायपोलची लांबी काढायची तर १४२.५ भागिले मेगाहर्ट्झ, इथे १४२.५ भागिले ९५ म्हणजे दीड मीटर. पाऊण मीटरच्या दोन नळ्या, जुन्या दूरदर्शनच्या अँटेनातून कापलेल्या. हे गणित आठवीतल्या पोरीने फळ्यावर केलं. तिने नळी दोन सेंटिमीटर जास्त कापली आणि मीटरचा काटा का हलला ते तिचं तिने शोधून काढलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत असा तास मला क्वचित मिळाला.

हे सुरू झालं २०२०मध्ये. शाळा बंद, मोबाइलवर वर्ग. आमच्या ओढ्यापलीकडच्या वस्तीवर अकरा पोरं आणि स्मार्टफोन दोन. रेडिओ मात्र चार घरांत होता. मी डबा तयार केला, गुरुजी माझ्या ओट्यावर बसून पाढे आणि कविता म्हणायचे, पलीकडे पोरं ऐकायची. तेव्हा जीप आली नाही. पुढे दरवर्षी पावसात ओढा भरला की दोन-तीन दिवस पोरं अडकतात, त्या दिवसांत डबा चालू. एरवी बंद.

आणि बेफिकिरीने नाही चालवला. दोन वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनात एक मोठे अधिकारी आले होते. त्यांनी डबा हातात घेऊन पाहिला, पोरांच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘सर, नियम येतायत, तुमच्यासारख्यांची सोय होणार आहे. तोवर छोट्या प्रमाणावर चालू ठेवा.’ मी त्या शब्दावर विसंबलो. परवा चौकीतून त्यांना फोन लावला. त्यांना मी आठवलो नाही.

नियम येतायत हे मलाही खरं वाटलं होतं. २०२३मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, कमी ताकदीच्या, लहान पल्ल्याच्या एफएमबद्दल लोकांची मतं मागवली. निमित्त होतं ड्राइव्ह-इन सिनेमाचं. गाडीत बसून सिनेमा बघणाऱ्यांना गाडीतल्या रेडिओवर आवाज यावा म्हणून. मी चार पानं लिहून पाठवली, आकृत्यांसह. गाडीवाल्यांना सिनेमा ऐकू यावा म्हणून सरकारला विचार करावासा वाटतो, मग वस्तीवरच्या पोरांना धडा ऐकू यावा म्हणून का वाटत नाही? पोच आली नाही.

माझा गुन्हा काय, ते तरी मला समजावून सांगा. हॅम म्हणून मी माझ्या संचातून शंभर वॉट सोडून जपानच्या माणसाशी बोलू शकतो. ते कायदेशीर. त्याच्या पाच हजाराव्या भागाने ओढ्यापलीकडे कविता पाठवली तर बेकायदा, कारण हॅमने प्रसारण करायचं नाही. माझ्या घरातला वायफायचा डबा २.४ गिगाहर्ट्झवर रात्रंदिवस लहरी सोडतो, त्याला कुणी परवाना विचारत नाही. आमच्या आठवडी बाजारात गाडीच्या लायटरमध्ये खोचायचे एफएम मॉड्युलेटर अडीचशे-तीनशे रुपयांना उघड्यावर मिळतात. मी असा एक उघडून पाहिला. त्यात फिल्टरच्या नावाने काही नव्हतं. माझ्या डब्यात होता.

धोका मला कळतो. एफएमचा पट्टा १०८ला संपतो आणि लगेच विमानांचा सुरू होतो. अर्धवट माहितीच्या माणसाने मोठी ताकद, हलता ऑसिलेटर (लहर तयार करणारा भाग) आणि फिल्टर नसलेलं यंत्र वापरलं तर त्याची लहर विमानांच्या पट्ट्यात जाऊन पडू शकते. हे मी प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो. त्यासाठीच डमी लोड असतो: आधी त्यावर तपासायचं, अँटेना शेवटी लावायचा. पण मग तपासा ना! माणूस पाठवा, मीटर लावा, हार्मोनिक (मूळ लहरीच्या पटीत निघणाऱ्या नको त्या लहरी) मोजा, चुकलो तर बंद करा. त्या चौघांपैकी एकाकडेही मीटर नव्हता. ९५ मेगाहर्ट्झ हा आकडा पंचनाम्यात ९५ किलोहर्ट्झ असा लिहिला आहे.

आणि नव्या कायद्यात काय आहे? १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी कायदा जाऊन २०२३चा दूरसंचार कायदा आला, तेव्हा मला वाटलं इंग्रजांची भीती गेली. वाचलं तर विनापरवाना सेवेला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड. दोन कोटी! माझं राहतं घर, विहिरीतला हिस्सा आणि बायकोच्या पाटल्या विकल्या तरी वीस लाख होणार नाहीत.

जगात हे असंच आहे का? न्यूझीलंडमध्ये एफएम पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एक वॉटपर्यंत सामान्य माणसाला प्रसारण करता येतं. अमेरिकेत फार कमी ताकदीला परवाना लागत नाही, मर्यादा आखून दिली आहे, मोडली तर नोटीस. जपानात क्षीण लहरींना परवान्यातून सूट होती, म्हणून १९८०च्या दशकात तिथे गल्लीगल्लीत मिनी एफएम उभे राहिले. तिथलीही विमानं उडतातच.

आपल्याकडे कम्युनिटी रेडिओ, म्हणजे संस्थांनी आपल्या भागापुरता चालवायचा रेडिओ, आहे म्हणाल. आहे. २००२मध्ये शिक्षणसंस्थांसाठी आणि २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी दार उघडलं. म्हसवडला माणदेशी बायकांचं केंद्र चालतं, ते ऐकून मला अभिमान वाटतो. पण ते शंभर वॉटचं काम आहे, मनोरा हवा, किमान तीन वर्षांची नोंदणीकृत संस्था हवी, दिल्लीच्या खेपा हव्यात. एकशेचाळीस कोटींच्या देशात अशी केंद्रं पाचशेच्या घरात. म्हणजे माझ्या हिशेबाने अठ्ठावीस लाख माणसांमागे एक. आणि एकट्या माणसाला तर अर्जच करता येत नाही. बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूरच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तरुणाने पन्नासेक रुपयांच्या सामानात गावासाठी एफएम चालवला होता. २००६मध्ये तो बंद पाडला. तेव्हाही सगळ्यांनी कौतुक केलं आणि तेव्हाही सोय कुणी केली नाही.

मुळात या देशात रेडिओ आणला कुणी? सरकारने नाही. १९२३मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने, हौशी माणसांनी, पहिलं प्रसारण केलं. प्रसारण करणारी खाजगी कंपनी १९२७मध्ये आली, सरकार त्याच्याही नंतर. १९४२मध्ये उषाबेन मेहतांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला तेव्हा पोलीस यंत्रं उचलायला आले होते, पण ते इंग्रजांचे पोलीस होते. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. न्या. पी. बी. सावंतांसारख्या मराठी माणसाची सही आहे त्या निकालावर. जनतेची म्हणजे कुणाची? मोठ्या शहरांत कोटींचे लिलाव होतात, खाजगी एफएमला स्वतःची बातमीसुद्धा देता येत नाही, आकाशवाणीचे मध्यम लहरींचे ट्रान्समीटर एकेक करून बंद होतात, आणि मधली सगळी डायल रिकामी खरखरत राहते. सरकारला माणसाने ऐकलेलं चालतं. तो बोलायला लागला की जीप येते. माझं तरी हेच मत झालं आहे.

गावात आता माझ्याकडे पाहायची नजर बदलली आहे. चहाच्या टपरीवर कुणी तरी ‘मास्तर पाकिस्तानला बातम्या देत होता’ असं बोललं. ते हसत बोलले असतील, पण आठवीतल्या त्या पोरीच्या वडिलांनी तिला माझ्याकडे पाठवणं बंद केलं. परवा ती देवळापाशी दिसली आणि मान खाली घालून गेली. मला चौकीत बसवलं त्याचं इतकं वाईट वाटलं नव्हतं.

माझं मागणं थोडं आहे. एफएम पट्ट्यातला एक कोपरा प्रयोगासाठी ठेवा. एक वॉट नको, शंभर मिलिवॉट द्या. हॅमचा परवाना असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली शाळांना करू द्या. यंत्र तपासून घ्या, वर्षाला पाचशे रुपये फी घ्या, फॉर्म एका पानाचा ठेवा. आणि तो कोणत्या मंत्रालयात द्यायचा, ते तुम्ही दोघं आधी ठरवा.

यंत्रं ठेवून घेतली तरी चालतील. डबा मी पुन्हा बांधीन. पण वही परत द्या. दोनशे पानी आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची, तिचा तुम्हाला काही उपयोग नाही. तीत एकतीस वर्षांच्या कॉइल आहेत: वेढे किती, गेज कोणतं, तार जवळ गुंडाळली की ओढून. प्रत्येक अँटेनापुढे कुठे कसं ऐकू आलं ते लिहिलंय. ‘मारुतीचं देऊळ, स्वच्छ. पाण्याची टाकी, थोडी खरखर. ओढ्यापलीकडे आंब्याखाली उभं राहिलं तर येतो, गोठ्यात नाही.’ शेवटची सहा पानं माझ्या अक्षरात नाहीत, त्या पोरीच्या आहेत. पंचनाम्यात ती नग १ म्हणून लिहिली आहे, तेव्हा शोधायला कठीण जाऊ नये.

आपला,
एक निवृत्त निदेशक