छातीत पाणी झालेल्याला त्याचे कामही विचारा

संपादक महोदय,

खाणी चालू की बंद, यावर गोव्यात रोज शाई खर्च होते. ते खनिज वाहणाऱ्या बार्जेस (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) दुरुस्त करणाऱ्यांच्या छातीत काय साठले, यावर कुणी लिहीत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी झुवारी नदीकाठच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो. इंजिनाच्या एग्झॉस्ट पाइपला अस्बेस्टॉसची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या तंतुमय खनिजाची, पांढरी दोरी गुंडाळायची, वर लेप द्यायचा. हे जुने वेष्टन, म्हणजे लॅगिंग, काढायचे तर छिन्नीने सुकेच खरवडायचे. इंजिनरूममध्ये वारा नाही. बल्बच्या उजेडात ती धूळ चकाकत तरंगायची. मास्क म्हणजे तोंडाला रुमाल. ओव्हरऑल घरी जायचे आणि बायका ते झटकून धुवायच्या. धोका त्यांनाही तेवढाच खरा.

माझ्या एका जोडीदाराला निवृत्तीनंतर दम लागू लागला. उजव्या बाजूला छातीत पाणी निघाले. काढले, पुन्हा भरले. टीबीची औषधे सुरू झाली. आपल्याकडे छातीत पाणी म्हटले की आधी टीबीच आठवतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण केसपेपरवर बिडी आली, दारू आली, तो जन्मभर काय काम करत होता ते आले नाही! शेवटी बायोप्सी झाली तेव्हा कळले, मेसोथेलिओमा, म्हणजे अवयवांच्या आवरणाचा कॅन्सर. पाण्याच्या तपासणीत तो पुष्कळदा सापडतच नाही. आणि बिडीने हा कॅन्सर होत नाही. अस्बेस्टॉसच्या जोडीला बिडी असली तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र कैक पटींनी वाढतो. तो आजार वेगळा.

मेसोथेलिओमा बहुतेकदा फुप्फुसाच्या आवरणाला होतो. त्याखालोखाल पोटाच्या आवरणाला. तेव्हा पोट पाण्याने फुगते आणि संशय लिव्हरवर जातो. हृदयाच्या किंवा वृषणाच्या आवरणाचा अगदीच विरळा. पेशींवरून त्याचे एपिथेलिओइड, सार्कोमॅटॉइड आणि दोन्हींचे मिश्रण असे प्रकार पडतात. पहिला त्यातल्या त्यात उपचारांना दाद देतो, दुसरा बराच कमी. माझ्या जोडीदाराचा मिश्र होता.

धूळ छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण २० ते ५० वर्षे जातात. म्हणजे १९८०च्या दशकात लॅगिंग खरवडणाऱ्यांची पाळी आता आहे. आणि हे तिथेच संपलेले नाही. साठाहून अधिक देशांनी अस्बेस्टॉस बंद केला, आपण त्यातला पांढरा प्रकार (क्रिसोटाइल) अजून आयात करतो, सिमेंटच्या पत्र्यांसाठी. पांढरा निर्धोक, असे विकणारे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था सगळ्याच प्रकारांना कर्करोगकारक मानते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यातली जी मुदत उशिराची तोपर्यंत जपायला सांगितले. आमच्या वर्कशॉपला कुलूप लागले. नोंदी सोडाच, हजेरीपुस्तक कुठे गेले तेही कुणाला ठाऊक नाही. मग भरपाई मागणार कशाच्या जोरावर?

म्हणून केसपेपरवर ‘पूर्वी केलेली कामे’ असा एक रकाना सरकारी इस्पितळांनी छापावा, आणि कामगार खात्याने जुन्या बार्ज व गोदी कामगारांची यादी करून त्यांच्या छातीची तपासणी करावी. हयात असलेल्यांची नावे आम्ही चार-पाच जण बसून तोंडपाठ देऊ.

– एक निवृत्त फिटर, वास्को