सीलिंग झाकण्याआधी पाणी ओतून पाहावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये सुरू होणाऱ्या शैक्षणिक वर्षाची तयारी म्हणून लातूरमधील अनेक खासगी शिकवण्या आणि अभ्यासिका सध्या छतात बसणारे एसी, म्हणजे बाजारात ज्यांना कॅसेट एसी म्हणतात ते, बसवून घेत आहेत. नांदेड, परभणी आणि छत्रपती संभाजीनगर येथील दवाखाने, पतसंस्था आणि कापड दुकानांतही हीच लगबग आहे. पारा ४२ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या भागात दिवसदिवस एका जागी बसून अभ्यास करणाऱ्या मुलांना गारवा मिळावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मला लिहायचे आहे ते ही यंत्रे बसवण्याच्या पद्धतीविषयी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रशीतन व वातानुकूलन हा व्यवसाय मी अनेक वर्षे शिकवला असून, या कामातील सर्वांत साधी आणि सर्वांत आवश्यक चाचणीच, म्हणजे सीलिंग झाकण्याआधी यंत्रात पाणी ओतून पाहणे, वगळली जात असल्याचे मला वारंवार दिसते.

एसीच्या थंड कॉइलवर खोलीतील हवेतले बाष्प जमून त्याचे पाणी होते. भिंतीवरच्या एसीचे पाणी उताराने आपोआप बाहेर जाते. कॅसेट मात्र खोलीच्या मधोमध असल्याने ट्रेमध्ये साठलेले पाणी आतला छोटा पंप वर उचलतो आणि तेथून ते लांबलचक ड्रेन पाइपने बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यावे लागते. आपल्याकडे हे सारे काम होते चैत्र-वैशाखात. त्या दिवसांत मराठवाड्याची हवा इतकी कोरडी असते की यंत्र दिवसभर चालवले तरी पाणी थोडेच निघते, त्यामुळे पाइपला उतार नसला किंवा एखादा सांधा नीट चिकटलेला नसला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की तेच यंत्र कितीतरी अधिक पाणी सोडू लागते आणि दोष उघडा पडतो. तोवर सीलिंग बंद झालेले असते, बिल चुकते झालेले असते आणि मेकॅनिक दुसऱ्या गावच्या कामावर गेलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात एका अभ्यासिकेत मुलांच्या वह्यांवर पाणी ठिबकू लागल्याने संचालकांनी मला पाहायला बोलावले होते. सीलिंगची डागाळलेली टाइल बाजूला केली तेव्हा दिसले की ड्रेन पाइप बाइंडिंग वायरने सीलिंगच्याच पट्ट्यांना बांधला होता, दोन गाठींच्या मध्ये त्याला पोट पडले होते आणि त्या पोटात धुळीचा काळा गाळ बसून वाट जवळजवळ बंद झाली होती. पाइपवर इन्शुलेशनही नव्हते, म्हणून तो बाहेरूनही घामाघूम झाला होता. पाणी गळते म्हणजे गॅस कमी झाला, असे सांगून संचालकांकडून मध्यंतरी गॅस भरण्याचे पैसेही घेतले गेले होते. गॅस कमी झाल्यास कॉइलवर बर्फ धरून पाणी पडू शकते, हे खरे आहे. पण पाइपला पोट पडलेले असताना गॅस भरून काहीही साधत नाही.

हे टाळण्यासाठी फार मोठे ज्ञान लागते असे नाही. ड्रेन पाइपला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार हवा आणि मीटर-दीड मीटरवर स्लॅबला धरलेला पक्का आधार हवा. पंपाकडून निघालेला पाइप यंत्राच्या जवळच सरळ वर उचलून तेथूनच उताराला लावावा; किती उंचीपर्यंत पंप पाणी चढवू शकतो हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि ती मर्यादा ओलांडू नये. यंत्र चारही कोपऱ्यांवर पाणसळ (पातळी पाहण्याचे साधन) लावून समपातळीत टांगावे. ड्रेनच्या विरुद्ध बाजूला ते कलले तर पाणी पंपाकडे जाण्याऐवजी ट्रेच्या दुसऱ्या कडेवरून सांडते.

टांगण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. मोठ्या कॅसेटच्या आतल्या यंत्राचे वजन साधारण २५ ते ३० किलो असते आणि ते मुलांच्या डोक्यावर असते. ते आटे पाडलेल्या चार सळयांनी थेट आरसीसी स्लॅबमध्ये ठोकलेल्या अँकर फास्टनरला टांगायचे असते. फॉल्स सीलिंगच्या सांगाड्यावर त्याचा भार मुळीच येता कामा नये. जुन्या पेठांतील कित्येक अभ्यासिका मात्र माळवदाच्या, म्हणजे लाकडावर माती पसरलेल्या, किंवा पत्र्याच्या छताखाली आहेत. माळवदाच्या मातीत फास्टनर धरत नाही आणि जुन्या लाकडावर विसंबणे धोक्याचे असते, म्हणून अशा ठिकाणी भिंतींवर टेकलेली लोखंडी चौकट स्वतंत्रपणे करून घ्यावी, अन्यथा तेथे भिंतीवरचाच एसी लावावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात जड छते माणसांवर कोसळल्याने काय झाले, हे किल्लारी परिसराने पाहिले आहे. त्याच लातूर जिल्ह्यात तरी डोक्यावर वजन टांगताना हयगय होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

गॅस वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पाइपांविषयी एवढेच की, पाइप जोडल्यावर नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासावी आणि नंतर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा व ओलावा पूर्ण काढावा. थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलण्याची जी पद्धत घाईत वापरली जाते, ती बंद झाली पाहिजे, कारण त्या पद्धतीने ओलावा निघत नाही आणि हल्ली बहुतेक यंत्रांत असणारा आर-३२ हा वायू सौम्य ज्वलनशील आहे.

आता मूळ चाचणी. सीलिंगची शेवटची टाइल किंवा जिप्सम बोर्ड लावण्याआधी यंत्राच्या ट्रेमध्ये एक-दोन लिटर पाणी सावकाश ओतावे, पंप सुरू करावा आणि बाहेरच्या टोकाला पाणी पडते की नाही ते पाहावे. मग टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवावा आणि पंप बंद केल्यावर पाइपातले पाणी उलटे ट्रेमध्ये येऊन काठावरून सांडत नाही, याचीही खात्री करावी. याला फार तर अर्धा तास लागतो. उन्हाळ्याच्या गर्दीत मेकॅनिकला तो अर्धा तास परवडत नाही, कारण त्याला मजुरी नगावर मिळते. म्हणून हा वेळ देण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्याने उचलली पाहिजे आणि त्या वेळेचे पैसेही दिले पाहिजेत. मेकॅनिकला एकट्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे की, कामाच्या आदेशात या चाचणीचे कलम लिहून घ्यावे, सीलिंग झाकण्याआधी आतल्या पाइपांचे फोटो काढून ठेवावेत, यंत्राच्या पाइपांच्या बाजूला माणसाचे डोके व खांदा आत जाईल एवढी झडप ठेवावी आणि बिलाची काही रक्कम दसऱ्यापर्यंत राखून ठेवावी, म्हणजे एक पावसाळा मध्ये जातो. नगरपालिका आणि जिल्हा परिषदांनी आपल्या वाचनालयांच्या व रुग्णालयांच्या निविदांमध्येही हीच अट घालावी. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळांत कॅसेट बसवण्याचा सराव करता येईल असा छताचा सांगाडा उभारला, तर या व्यवसायातून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या हाताला ही सवय आधीच लागेल.

ज्यांचे काम या उन्हाळ्यात होऊन गेले आहे त्यांनीही थांबू नये. जाळी आणि पॅनेल काढल्यावर बहुतेक यंत्रांत ट्रेमध्ये पाणी ओतता येते, आणि ग्रिड सीलिंग असेल तर पाइपाच्या मार्गावरील टाइल सहज उचलता येतात. मेकॅनिकला मृगाच्या आधी बोलावून ही तपासणी करून घ्यावी; पाइपाला पोट पडलेले असल्यास दोन-चार आधार वाढवण्याचा खर्च आज अगदी किरकोळ आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, लातूर