ऑर्गन आला की सूर उघडा पडतो

संपादक महोदय,

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील नाताळ उपासना १९१९ पासून ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’ या नाताळगीताने सुरू होते. पहिले कडवे एकटा मुलगा साथीविना गातो, दुसरे गायकवृंद. ऑर्गन तिसऱ्याला येतो. हा क्रम उचलणारी वृंदे नेमकी इथेच फसतात. उतरत्या ओळीत गंधार ढिला पडतो, श्वास शब्दामध्येच तुटतो आणि तिसऱ्या कडव्याला ऑर्गनचा सूर वृंदाच्या सुराहून चढा लागतो. तालमीत दुसरे कडवे संपताच ऑर्गनचा षड्ज दाबून सूर ताडावा. रोज, न चुकता. आणि चर्च दहा अंशांनी गारठले, तर पाइप ऑर्गनचा ४४० हर्ट्झचा (सूर जुळवण्याचा प्रमाण) सूर साधारण ८ हर्ट्झने उतरतो; इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा मात्र जागीच राहतो. त्यामुळे जोडीला कीबोर्ड अजिबात ठेवू नये.

– एक वृंदगायन शिक्षक, पुणे