कोड चालला, पण किती आकडे खरे?

महोदय,

नव्या संशोधकांसाठी संगणकीय गणिताची प्रगत प्रशिक्षणं हल्ली बरीच होतात. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला मी गेले होते. सकाळी व्याख्यानं, दुपारी हातात दिलेला तयार कोड चालवायचा, संध्याकाळी रंगीत आलेख बघायचे. शेवटच्या दिवशी फोटो आणि प्रमाणपत्र. एकाही दुपारी माझा कोड चुकला नाही. माझं नुकसान झालं ते यामुळेच.

परतल्यावर मोजमापांच्या एका संचाला बहुपदी बसवायची होती. पुस्तकात असतं तसंच केलं: मॅट्रिक्सला (आकड्यांच्या चौकटीला) तिच्याच ट्रान्सपोजने (ओळींचे स्तंभ करून मिळणाऱ्या मॅट्रिक्सने) गुणलं आणि आलेली समीकरणं सोडवली. एक सहगुणक माझ्या लॅपटॉपवर धन यायचा, शेजारच्या सहकाऱ्याच्या मशिनवर ऋण. चार महिने मी मॉडेलला दोष देत राहिले, डेटा पुन्हा पुन्हा गाळला. शेवटी विभागातल्या एका जुन्या सरांनी जिन्यातच विचारलं, "कंडिशन नंबर किती आहे गं?" डेटातली बारीक चूक उत्तरात किती पट फुगू शकते हे सांगणारा तो आकडा मी कधी काढलाच नव्हता. निघाला १० कोटींच्या घरात. तो गुणाकार केला की त्याचा वर्ग होतो, म्हणजे १ वर १६ शून्यं. आणि डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या हिशेबात, भरवशाचे आकडे मुळात १६च्या आसपासच. सगळे तिथेच खर्ची पडले होते. तेच गणित तो गुणाकार टाळणाऱ्या क्यूआर पद्धतीने केलं. सहा ओळी बदलल्या आणि दोन्ही मशिनांवरची उत्तरं पहिल्या सात आकड्यांपर्यंत जुळली.

माझे चार महिनेच गेले. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेतल्या 'स्लाइपनर ए' या तेलमंचाचा अख्खा काँक्रीटचा तळ चाचणी सुरू असताना समुद्रात बुडाला. फायनाइट एलिमेंटच्या, म्हणजे रचनेवर जाळी टाकून तिचे छोटे तुकडे पाडून केलेल्या, हिशेबात त्याच्या भिंतींवरचा कातर ताण (थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता. अपघातानंतर तेच विश्लेषण काळजीपूर्वक केलं, तेव्हा ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. पद्धत चांगलीच होती. पहिल्या उत्तरातली चूक वेळेत कुणाच्या लक्षात आली नव्हती.

आयोजक म्हणतील, दोन आठवड्यांत नवे विषय शिकवायचे की ही जुनी उजळणी करायची? पण आता ग्राफिक्स कार्डांवर १६ बिटांत हिशेब चालतात. त्यात जेमतेम तीन आकडे हाती लागतात. उजळणीची गरज उलट वाढलीच आहे.

म्हणून निदान अर्ध्या दुपारी तरी प्रशिक्षणार्थींना मुद्दाम बिघडलेली गणितं द्या. उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न द्या आणि कोड त्यापासून कुठे भरकटतो ते त्यांनाच शोधू द्या. जाळी निम्म्याने बारीक केल्यावर चूक अपेक्षेइतकी घटते का, हे मोजायला लावा. शेजारी बसायला एखादे जिन्यातले सर मिळाले तर फारच उत्तम. नवी पॅकेजं काय, मुलं आपली आपण शिकतात.

माझा तो चुकलेला कोड मी जपून ठेवला आहे. कुणाला दुपारच्या सत्रासाठी हवा असेल, तर आनंदाने देईन.

आपली नम्र,
एक संशोधक वाचक