आखूड खांबांकडे आधी बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भूकंपात पूल का कोसळतात, याविषयीचा आपला लेख वाचला. ‘खांब जितके उंच तितका धोका मोठा’ हे त्यातले विधान मला तसेच सोडून देववत नाही. पुलांची संकल्पचित्रे तपासण्यात माझी नोकरी गेली. त्या काळात मला धास्ती वाटायची ती काठालगतच्या ठेंगण्या खांबांची.

दरीवरच्या पुलाला मधोमध उंच खांब लागतात आणि कडेला आखूड. जमीन हादरली की वरचा डेक, म्हणजे रस्ता वाहणारा तक्ता, या सगळ्यांना जवळपास सारखाच ढकलतो. उंच खांब लवतो. आखूड खांबाला लवायला वावच नसतो. जाडी तीच असेल आणि उंची एक तृतीयांश असेल, तर खांबाचा ताठपणा २७ पट होतो. म्हणजे २१ मीटरच्या खांबांच्या रांगेत एखादा ७ मीटरचा असला, तर आडव्या बलाचा मोठा वाटा तो एकटाच ओढून घेतो. शिवाय तो मोडतोही वाईट. नीट बांधलेला उंच खांब तडकला, त्यातल्या सळ्या ताणल्या गेल्या, तरी पुलाचा भार धरून ठेवू शकतो. आखूड खांबात उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगा विरळ असतील तर तिरकी भेग जाते आणि तो क्षणात फुटतो.

१७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात, कॅलिफोर्नियातील इंटरस्टेट ५ आणि राज्य मार्ग १४ यांच्या संगमावरचा जोडपूल पडला. पडझड सर्वांत आखूड खांबापासून सुरू झाली, असे अभ्यासकांना आढळले. त्याच दिवशी बुल क्रीक कॅनियनच्या पुलाचे खांबही तुटले. तिथे पाण्याच्या पाटाची भिंत खांबांना जखडून होती, त्यामुळे त्यांची मोकळी उंची कमी झाली होती. कागदावरचा लांब खांब प्रत्यक्षात आखूड झाला होता. मला ही घटना सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण असे आखूडपण पूल बांधून झाल्यावरही येऊ शकते. कोणी भराव टाकतो, कोणी खांबाभोवती काँक्रीटचा ओटा घालतो, आणि मूळ हिशेब तिथेच बिघडतो.

तिरक्या पुलांचे, म्हणजे ज्यांच्या खांबांची रांग रस्त्याला काटकोनात नसते त्यांचे, दुखणे वेगळे. त्यांचा डेक हादऱ्यात आडवा फिरतो आणि टेकू अरुंद असेल तर सांध्यावरून निसटतो. त्याच नॉर्थरिज भूकंपात गॅव्हिन कॅनियनच्या पुलाचे तेच झाले.

आखूड खांबाभोवती आणखी काँक्रीट चढवा, ही सूचना नेहमी येते. नुसती जाडी वाढवली तर तो अधिक ताठ होतो आणि अधिक बल ओढतो. त्याऐवजी त्याच्याभोवती खड्डा ठेवून पाया खोल नेता येतो, म्हणजे मोकळी उंची वाढते. डेकखाली रबरी बेअरिंग, म्हणजे लवचीक टेकू, देता येतात. रिंगा जवळजवळ तर हव्यातच. शेजारच्या दोन खांबांपैकी कमी ताठ खांबाचा ताठपणा दुसऱ्याच्या ०.७५ पटीच्या खाली जाऊ देऊ नये, असे कॅलिफोर्नियाचे परिवहन खाते सांगते.

माझी मागणी साधी आहे. पुलाच्या प्रत्येक तपासणीत खांबांची मोकळी उंची जागेवर मोजून मूळ नकाशाशी ताडून पाहावी, आणि संकल्पकाला विचारल्याशिवाय कोणत्याही खांबाला भिंत, भराव किंवा ओटा भिडवू नये. आपणही पुढच्या वेळी पुलाचे छायाचित्र छापाल, तेव्हा संबंधितांकडून खांबांच्या उंचींचे कोष्टक मागून घ्या आणि शेजारी छापा.

आपली,
एक निवृत्त पूल अभियंता