नव्या उपासना मंदिराबद्दल काकांना

आदरणीय काका,

तुमच्याकडे नमस्कार म्हणतात, आमच्या ख्रिस्ती मंडळीत सलाम. आज दोन्ही.

गेल्या रविवारी नव्या मंदिरात पहिली उपासना झाली. तुम्ही काकूंबरोबर मागच्या दाराशी बसला होतात आणि प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षरसाच्या) विधीआधी हळूच निघून गेलात. पाळकसाहेबांनी तुमचे आभार मानायला मान वर केली, तर खुर्ची रिकामी. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

आमचा जुना हॉल जेमतेम सव्वाशे माणसांचा. पूर्वी तेवढा पुरायचा. मग इथं इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांत नोकरीला आलेली जळगाव-बुऱ्हाणपूरकडची कुटुंबं आली, इस्पितळांतल्या नर्सेस आल्या, कोचिंगची मुलं आली. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन अर्धी मंडळी अंगणात, मंडपाखाली, ऐन उन्हात. दोन उपासना करून पाहिल्या, आधी मराठी, मग हिंदी. तेव्हा आजी पहिल्या उपासनेला आणि नातू दुसरीला. एका घरातली माणसं रविवारी शेजारी शेजारी बसेनात. जागा अपुरी पडण्यापेक्षा मला त्याचंच जास्त लागायचं.

म्हणून आत माडी काढायची ठरवली आणि एका ठेकेदाराला बयाणा देऊनही टाकला. (तो पुढे परत मिळाला नाही.) माझ्या वडिलांचे जुने शेजारी, आयुष्य बांधकामात गेलेलं, म्हणून तुम्हाला फक्त "एकदा नजर टाका" म्हटलं होतं. तुम्ही किल्लीच्या टोकानं गिलावा ठोकत भिंतीभिंतीनं फिरलात, जोत्याशी गुडघे टेकून बसलात आणि म्हणालात, "ही भिंत स्वतःचंच ओझं कशीबशी पेलतेय. हिच्यावर माणसं चढवू नका."

खरं सांगते, त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. नाताळच्या आत माडी हवी म्हणून आम्ही किती महिने पैसे जमवत होतो! तुम्ही वाद घातला नाहीत. भिंतीतल्या भेगेवर एक काचेची पट्टी आडवी चिकटवलीत (भिंत हलली तर काच तडकते), पेन्सिलीनं तारीख लिहिलीत आणि पावसाळा जाऊ द्या म्हणालात. पावसाळ्यानंतर काच मधोमध तडकलेली होती. वडीलजनांच्या बैठकीत मग कोणी माडीचं नाव काढलं नाही.

त्यानंतर तुम्ही दोन रविवार नुसते येऊन बसलात. वहीत लिहीत होतात. कोण उभं राहतं, चपला कुठे साचतात, लहान मूल रडलं की आई कुठून बाहेर पडते, म्हातारी माणसं कुठल्या पायरीवर अडतात. आम्ही तर फक्त "किती खुर्च्या मावतील" एवढंच विचारत होतो.

मागच्या मोकळ्या जागेत खड्डा घेतला तेव्हाचं तर मी विसरणारच नाही. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा पाया तिच्याबरोबर हलतो, हे तुम्ही समजावत होतात. तेवढ्यात जळगावकडच्या एका आजींनी मातीचं ढेकूळ हातात चुरडलं आणि म्हणाल्या, "ही तर आमची कापसाची जमीन. वैशाखात हात जाईल एवढी भेग पडते." तुम्ही मान डोलावलीत आणि त्यांनाच पुढे बोलू दिलंत. पाया मुरुमापर्यंत न्यायला जास्त पैसे लागणार, ते जमिनीत गाडले जाणार, वर काही दिसणार नाही. तरी स्त्री मंडळानं त्याला सगळ्यांत आधी होकार दिला, तो त्या आजींमुळे.

नक्शा मंजुरीचे हेलपाटे सांगत बसत नाही. प्रत्येक वेळी फाइल घेऊन तुम्ही बरोबर होतात, एवढंच लिहिते.

हंगामाच्या सणाला देवाला वाहिलेल्या पिकाच्या लिलावात तुम्ही एका दुधी भोपळ्यावर अशी बोली लावलीत की तरुण संघानं टाळ्या पिटल्या. आणि घेतलेला दुधी परत मंडळीला देऊन पुन्हा लिलावात ठेवलात. आमची ही जुनी रीत तुम्हाला कोणी सांगितली, मला अजून ठाऊक नाही.

मे महिन्यात व्हरांड्याचा स्लॅब ओतला. वर वाफे करून पाणी साठवायचं, बीमना ओली पोती गुंडाळायची, दोन आठवडे काही सुकू द्यायचं नाही. भर दुपारी तुमची स्कूटर फाटकाशी दिसली की पोरं बादल्या घेऊन पळायची. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात, हे आता आमच्या शब्बाथ शाळेतल्या (रविवारच्या बायबल वर्गातल्या) मुलांनाही माहीत आहे.

मोठ्या हॉलमध्ये मधे एकही खांब नको, सगळ्यांना वेदी दिसली पाहिजे, म्हणून लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि वर पत्रा. पण पत्र्यावर पाऊस वाजला की उपदेश पहिल्या रांगेलाही ऐकू येणार नाही, म्हणून खाली जाड छत हवंच, असा हट्ट तुम्ही धरलात. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी, हाही तुमचाच हट्ट. गेल्या रविवारी बाहेर धो धो पाऊस होता, आणि शास्त्रवाचनाचा शब्दन् शब्द शेवटच्या रांगेत ऐकू आला. आता एकच उपासना आहे. दोन्ही भाषांत गातो, आणि आजीशेजारी नातू बसतो.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. पाकीट दोनदा परत केलंत. तिसऱ्यांदा आणणार नाही, पण काकूंना सांगा, रविवारचा डबा येत राहील, आणि तो परत पाठवायचा नाही.

जुना हॉल तुमच्या अटीवर ठेवला आहे. वर काही चढवायचं नाही, फक्त शब्बाथ शाळा. त्याच भेगेवर मुलांनी नवी काचेची पट्टी लावली आहे, पेन्सिलीनं तारीख घालून. आज सकाळपर्यंत शाबूत होती. दिवाळी झाली की काकूंना घेऊन बघायला या.

तुमची,
मंडळीची सचिव, इंदूर